नळीतला दुसरा कागद

१

बाळकुमच्या मिठागरात गणूचं प्रेत सापडलं, तेव्हा त्याच्या कुशीखाली वेळूची एक नळी होती. नळीचं बूच निघालेलं होतं आणि आत एकच कागद होता. दोन असायला हवे होते. हे मला ठाऊक होतं, कारण दोनच दिवसांपूर्वी ते दोन्ही कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. पाहिले होते म्हणतो, वाचले नव्हते.

मी प्रभाकर गुप्ते. १८८३ साली ठाण्याच्या नोंदणी कचेरीत कारकून होतो. लोकांनी आपसात केलेले करार आमच्याकडे नोंदवायला येत आणि मी ते मोठ्या वहीत अक्षरन् अक्षर उतरवून घेई. माझं अक्षर सुरेख होतं. त्यापलीकडे माझ्याविषयी चांगलं सांगण्यासारखं फार नाही, हे पुढे कळेलच.

शनिवारी गणू कचेरीत आला होता. आगरी, पंचविशीचा, पायांना मिठाच्या पाण्याने भेगा पडलेल्या. नळीतून त्याने आधी एक कागद काढला, तो बापाच्या नावाचा जुना मिठाचा परवाना निघाला. मग दुसरा काढला. दोन्ही मोडीत लिहिलेले, एकाच मापाचे, घडीही सारखीच.

"भाऊसाहेब, यो कागद वाचून दावा," तो म्हणाला. "मार्गशीर्षात तुमच्यासमोरच आमी सगल्यांनी निशाण्या केल्या. पन आत काय लिवलाय ता मना अजून कलला नाय."

दप्तर बांधायची वेळ झाली होती. मी म्हणालो, "गणू, इतके दिवस दम धरलास ना? सोमवारी ये."

सोमवारी पहाटे तो निघाला आणि बांधावरच मेला. डोक्याच्या मागे लाकडाचा घाव होता आणि तोंड वाफ्यातल्या पाण्यात दाबलेलं होतं. मी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, आणि त्याच्या केसांवरचं पाणी सुकून पांढरं मीठ उरलं होतं. 

फौजदार गुरुदत्त कोठारे यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. गणू माझ्याकडेच निघाला होता, असं त्याच्या बायकोने सांगितलं म्हणून. कोठारे बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्यांनी नळी माझ्या हातात दिली.

"उरलाय तो कुठला?"

मी पाहिलं. "बापाचा परवाना. करारनामा गेला."

कोठाऱ्यांनी नळी परत घेतली. "ज्याने खून केला त्याला घाई असणार," ते म्हणाले. "घाईतला माणूस नळीच उचलून पळतो. याने बूच काढलं, दोन सारखे कागद बाहेर घेतले, हवा तो ठेवून घेतला आणि नको तो परत आत घातला. म्हणजे हवा कुठला हे त्याला कळलं." मग त्यांनी गर्दीकडे वळून विचारलं, "या गावात वाचता कोणाला येतं?"

गणूची बायको शकू प्रेताशेजारी बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिने मान वर केली.

"एकालाच येते," ती म्हणाली. "टेरूला. त्यानाच मारला माझा मानूस."

२

टेरू म्हणजे टेरेन्स. त्याला गावानेच पकडून चावडीच्या खांबाला बांधलं होतं. मिठागराला लागून त्याची भातखाचरं होती. रविवारी ख्रिस्ती लोकांच्या देवळात उभा राहून तो प्रार्थना वाचून दाखवी, म्हणून हिंदू काय, ख्रिस्ती काय, सगळं गाव त्याला शिकलेला समजत असे. शनिवारी संध्याकाळी गणूने भर रस्त्यात त्याला विचारलं होतं, 'तू वाचलास ना कागद, मग सांग काय लिवलाय.' त्यावर टेरेन्सने त्याला ढकलून दिलं. हे दहा जणांनी पाहिलं होतं. सोमवारी पहाटेही तो मासळीचं जाळं काढायला त्याच बांधावरून गेला होता. कोठाऱ्यांनी त्याला ठाण्याच्या चौकीत आणलं.

एवढ्यावर माणूस फासावर जातो. त्याची बायको उर्सुला ठाण्याच्या चौकीबाहेर केळीच्या पानात भाकरी बांधून उभी होती. तिला ते माहीत होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

मारलं नाही, एवढंच टेरेन्स म्हणे. भांडलास का, तर मान खाली. शेवटी कोठाऱ्यांनी गणूच्या बापाचा परवाना त्याच्यापुढे धरला.

"हा वाच."

टेरेन्सने कागद घेतला. त्याची नजर ओळीवरून सावकाश सरकत राहिली, ओठही हलत होते. शेवटी तो म्हणाला, "वाचला."

"मग काय लिहिलंय?"

त्याने पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. माझ्या लक्षात आलं होतं, कोठाऱ्यांनी कागद उलटा दिला होता. डोकं खाली, पाय वर. आणि टेरेन्स तो तसाच वाचत होता.

दारातून उर्सुलाच म्हणाली, "सायबा, त्याला ही अक्षरां नाय येत. तो पाद्रीच्या पुस्तकातली वाचते, विलायती अक्षरांतली. ही मोडी त्याला कुटं येतेय?"

"उर्सू, गप," टेरेन्स म्हणाला.

"का गप? फासावर जाशील, पन लाज नाय सोडशील?"

तेव्हा तो मोठा माणूस तोंड झाकून रडला. करार व्हायच्या दिवशी गावाने कागद त्याच्या हातात दिला होता. 'टेरू, तू वाचतोस, बघ रे बरोबर हाय का.' सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला येत नाही, असं म्हणायची त्याला लाज वाटली. त्याने वरपासून खालपर्यंत कागद पाहिला आणि मान हलवली.

"मी मान हलवली सायबा, म्हनून त्याहीं निशाण्या केल्या," तो म्हणाला. "गणूनं विचारला, तवा मी काय सांगनार होतो?"

बाहेर आल्यावर कोठारे मला म्हणाले, "ज्याला दोन कागदांतला फरक कळत नाही, तो नेमका एक कसा निवडेल? हा नव्हे. पण गुप्ते, गावात दुसरं कोणी वाचणारं नाही म्हणतात. मग वाचलं कोणी?"

३

वाचता येणारा एक माणूस होता, पण तो गावचा नव्हता. गावचं मीठ मक्त्याने घेणाऱ्या मक्तेदाराचा कारभारी केशवलाल. मक्तेदार राहत होता मुंबईत आणि इकडची सगळी सूत्रं केशवलालच्या हातात. करार त्यानेच लिहून आणला होता. गावाला सांगितलं होतं की खाडीकडचा फुटका बांध मक्तेदार आपल्या खर्चाने बांधून देईल, त्याची ही कबुली; म्हणून अस्सल कागद गावाने गणूच्या नळीत जपून ठेवला होता. बांध फुटला की उधाणाचं पाणी वाफ्यांत शिरतं आणि सगळा हंगाम जातो, म्हणून गाव खूश होतं.

केशवलाल माजिवड्याच्या वखारीत गादीवर पान लावत बसला होता. तो आमच्यावर चिडलासुद्धा नाही.

"फौजदारसाहेब, तो कागद मी कशाला चोरू? तो नाहीसा झाला तरी करार कुठे जातो? त्याची नक्कल सरकारी वहीत आहे. यांनीच तर केली," असं म्हणून त्याने माझ्याकडे बोट केलं.

कोठारे माझ्याकडे वळले. "म्हणजे तो करार तुम्ही उतरवला आहे?"

"हो."

"मग त्यात काय आहे?"

मला एक ओळही आठवेना. खोटं नाही सांगत. डोळ्यांनी अक्षर घ्यायचं आणि हातांनी ठेवायचं, मध्ये डोकं लागतच नाही, हेच आमच्या धंद्याचं कसब. आणि यावर मी इतकी वर्षं ऐट मिरवत होतो.

कचेरीकडे चालताना मला तो मार्गशीर्षातला दिवस मात्र स्वच्छ आठवला. अठरा माणसं ओटीवर दाटीने उभी होती. रिवाज असा, की ज्याला लिहिता येत नाही त्याने बोरूला नुसता हात लावायचा आणि निशाणी लिहिणाऱ्याने काढायची. शेतकऱ्याचा नांगर, कोळ्याचं वल्हं, असं ज्याचं त्याचं. गणूसकट सोळा जण तसेच आले. एकेकाने विंचवाला हात लावावा तसं बोट टेकवलं आणि मागे सरले. टेरेन्सने विलायती अक्षरांत नाव लिहिलं. मी वरच्या आवाजात विचारलं, 'वाचून दाखवला? समजला? कबूल?' सगळ्यांनी आधी पुढे उभ्या असलेल्या काळुरामकडे पाहिलं. काळुराम म्हणजे गावचा जाणता, पन्नाशीचा, शब्दाला वजन असलेला. तो म्हणाला, 'कबूल.' मग सगळे म्हणाले, 'कबूल.' काळुरामने मात्र, आलेल्यांची नोंद ठेवायच्या माझ्या हजेरीवहीत, आपली निशाणी स्वतःच काढली होती, चांगला घाटदार नांगर. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

वही काढली. माझंच अक्षर, मोत्यासारखं. मी उभ्याउभ्या मोठ्याने वाचू लागलो आणि तिसऱ्या कलमाशी थांबून ते पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं. बांध बांधून मिळताच मिठागरावरचा आपला वाडवडिलांपासूनचा वहिवाटीचा हक्क आम्ही राजीखुशीने व अक्कलहुशारीने सोडला आहे. चौथ्यात, यापुढे आम्ही तेथे मजूर म्हणून राहू. पाचव्यात, मक्तेदाराने नको म्हटल्यास बिनतक्रार उठून जाऊ.

"पुढे," कोठारे म्हणाले.

सहावं कलम एकाच माणसापुरतं होतं. त्या मिठागराची मुकादमी त्याला आणि त्याच्या मुलानातवंडांना कायमची दिली होती. मी नाव वाचलं आणि वही मिटली.

४

"माझा नाव घातला आसल कारभाऱ्यानं," काळुराम शांतपणे म्हणाला. "मना काय ठावा? आमी आगरी मानसा, सायेब. आमाला मीठ कलतं, अक्षर कलत नाय."

चावडीवर सगळं गाव जमलं होतं. मी करार पहिल्यांदा वाचून दाखवला होता. वाचून झालं. एक म्हातारा उठला, वाफ्यांकडे तोंड करून उभा राहिला आणि परत येऊन बसला. बाकीचे काळुरामकडे बघत होते, पण अजून संशयाने नाही. आपल्यासारखाच हाही फसला, असंच त्यांना वाटत होतं. शकू तेवढी भिंतीला टेकून बसली होती.

"गणू सोमवारी ठाण्याला जाणार हे तुला माहीत होतं?" कोठाऱ्यांनी काळुरामला विचारलं.

"व्हता. मनाच सांगितलान. दादा, तुमी पन चला, बोल्ला."

"मग गेला का नाहीस?"

"पाय दुखत व्हता."

कोठारे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागले. "चोराला वाचता येतं, हे नळीने सांगितलं. दुसरी गोष्ट. चोरी कशासाठी? कलमं कोणाला कळू नयेत म्हणून. पण अस्सल नाहीसा केला तरी नक्कल कचेरीत राहते, हे केशवलालला पक्कं ठाऊक आहे. चोराला ते ठाऊक नव्हतं. कागद गेला की मजकूर गेला, असं त्याला वाटलं. म्हणजे वाचणारा, पण कचेरीतला नव्हे. गावातला." मग त्यांनी मला खूण केली. "गुप्ते, यांना प्रत्येकाला बोरू द्या. हात लावायचा नाही. ज्याची त्याने निशाणी काढायची."

मी कोरा कागद मांडला. एकेक जण आला. बोरूच्या टोकाला तिरका काप असतो. तो काप कागदावर सपाट बसला तरच रेघ नीट येते, नाहीतर फाटते किंवा डाग पडतो. कोणाला हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. कोणी बोरू मुठीत धरला, कोणी उलटा. कागदावर चिखलात कोंबड्या नाचाव्यात तसे नांगर उमटले. लोक एकमेकांच्या नांगराला हसलेही थोडे, त्या दिवशीसुद्धा.

शेवटी काळुराम आला. त्याने बोरू मुठीत धरला. हात थरथरवला. त्याचा नांगर सगळ्यांत वाईट उतरला, शाईचा निव्वळ गोळा.

कोठाऱ्यांनी माझी हजेरीवही उघडून शेजारी ठेवली. मार्गशीर्षातला नांगर. फाळ जाड, मुठीचं रुमणं बारीक, एका दमात ओढलेली रेघ, जशी बोरूला वळण असलेल्या हातालाच जमते. खाली माझीच नोंद होती, 'निशाणी नांगराची, काळुराम याने स्वहस्ते काढली.'

"दोन महिन्यांत हात विसरला, काळुराम?" कोठाऱ्यांनी विचारलं. "बाकीच्यांना येत नाही म्हणून आलं नाही. तुला येऊ द्यायचं नव्हतं."

काळुरामने बोरू खाली ठेवला. त्याच्या शेजारी बसलेली माणसं हळूहळू सरकली आणि त्याच्याभोवती जागा रिकामी झाली.

५

करार त्याच्या घरात, मिठाच्या रांजणामागच्या भिंतीत खोचलेला सापडला. कोठाऱ्यांनी त्याला विचारलं, "जाळला का नाहीस?"

"माझा नाव व्हता त्यात," काळुराम म्हणाला.

तरुणपणी तो कल्याणच्या मीठनाक्यावर पाच वर्षं शिपाई होता. तिथल्या कारकुनाच्या मागे उभा राहून मोडी शिकला. बाळकुमला परतल्यावर त्याने हे कोणाला कळू दिलं नाही. आधी उगाच, मग सवयीने. केशवलालला मात्र ते कळलं आणि त्याने सहावं कलम घातलं. करार त्याने एकट्याने, निवांत बसून, दोनदा वाचला होता. त्या अठरा माणसांत वाचून कबूल म्हणणारा तेवढाच एक.

"गावाला सांगितलं का नाहीस तुला वाचता येतं?" मी विचारलं. मला विचारायचा अधिकार नव्हता, पण राहवलं नाही.

"सांगितला असता तर बोल्ले असते, वाचून दाव," तो म्हणाला. "मग मी काय वाचला असता?"

गणूला मारायचं मनात नव्हतं, कागद काढून घ्यायचा होता, असं तो कोर्टात म्हणाला. पण पाण्यात तोंड दाबून धरायला वेळ लागतो. ठाण्याच्या तुरुंगात वैशाखात त्याला फाशी दिली. टेरेन्स सुटला. त्यानंतर त्याने देवळात कधी वाचलं नाही.

आणि बांध होताच, कराराप्रमाणे, मिठागर गेलं. केशवलालवर काही शाबीत झालं नाही. करार खोटा आहे असं कोणालाच म्हणता येईना. निशाण्या खऱ्या होत्या, साक्षीदार खरे होते, आणि कागद वाचून दाखवला, समजला, कबूल केला, असं त्या कागदातच लिहिलेलं होतं. गावाने कलेक्टराकडे अर्ज करायचं ठरवलं. अर्ज मी लिहिला, कोणी न सांगता. त्याचं काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरी तो अर्ज मी विसरू शकत नाही.

निशाण्या घ्यायला मी बाळकुमला गेलो. गणूच्या जागी शकूची निशाणी हवी होती. ती वाफ्यातून आली, मजुरीवर होती आता, तिच्याच सासऱ्याच्या वाफ्यात. मी कागद पसरला आणि बोरू पुढे केला.

"हात लाव इथे."

तिने हात मागेच ठेवले. "आदी वाचा, भाऊसाहेब."

मी वाचला. तिने पुन्हा वाचायला सांगितला. दुसऱ्यांदा ती एकेका शब्दाला अडवत गेली. वहिवाट म्हणजे काय? विनंती म्हणजे हक्क का भीक? मी सांगत गेलो. दोन शब्द असे निघाले की मलाही नीट सांगता येईनात. ते मी खोडून साधे घातले. उन्हं कलली. ती उभीच होती.

वाचून संपलं. तिने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं, बोटाला मीठ होतं.

"आनि ही खालची ओल? ही नाय वाचलीत."

मी पाहिलं. ती ओळ मी ठाण्यालाच, घरी, अर्ज लिहितानाच लिहून ठेवली होती. सवयीने, सुरेख अक्षरात.

"वाचा ना भाऊसाहेब," ती म्हणाली.

"येणेप्रमाणे वाचून दाखविले," मी वाचलं, "समजले, कबूल आहे."

शकूने त्या ओळीवरून बोट उचललं. "कवा लिवलीत ही?"

मी बोरू दौतीत बुडवला आणि ती ओळ तिच्यासमोर खोडली.